वेंगुर्ल्यातलं मुलींचं फुटबॉल कोचिंग: मुलग्यांसमोरच्या प्रॅक्टिस मॅचसाठी तरी लेकीला घालाच

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली लिहिते, पण आधी सांगते की तुमची मुलगी दहा-चौदा वर्षांची असेल आणि तिला धावायची आवड असेल तर बिनधास्त घाला. माझी लेक तेरा वर्षांची, पावसाळा संपल्यावर जायला लागली.

इथे आठवड्यातून एकदा मुलींची टीम मुलग्यांच्या टीमसमोर खेळते आणि सगळे पालक मला याच्याबद्दलच विचारतात. लागणार नाही का, मुलगे धक्के मारणार नाहीत का. आमच्या सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "चेडवांनी झिलांवांगडा कित्याक खेळूक होया?" म्हणजे मुलींनी मुलग्यांबरोबर कशाला खेळायला हवं. प्रश्न बरोबरच आहे. उत्तर असं की आपल्याकडे मुलींच्या तयार टीम आहेतच कुठे, दर आठवड्याला समोर कोण उभं करणार, प्रत्येक वेळी गाडी करून गोव्याला जायचं तर आख्खा रविवार जातो आणि खर्च वेगळा. मुलगे मात्र शेजारच्याच मैदानात रोज असतात.

पण नुसते मुलगे आणून समोर उभे केले असं नाहीये, आणि मला सरांचं हेच आवडलं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलग्यांची दोनेक वर्षं उशिरा, म्हणून अकरा-बाराला मुली बरोबरीच्या किंवा थोड्या उंचच असतात पण चौदा-पंधराला ताकद आणि वेग याच्यात मोठा फरक पडतो. त्यामुळे सर आमच्या तेरा-चौदाच्या मुलींसमोर बारा वर्षांखालचे मुलगे घेतात, मोठे घेतच नाहीत. शिवाय मुलग्यांना तीनच टच, म्हणजे बॉल तीनदा पायाला लागेपर्यंत पास द्यायचाच, मुलींना कितीही. कधी मुली आठ आणि मुलगे सात. स्कोअर कोणी मोठ्याने मोजायचा नाही, एका बाबांनी बाहेरून "पोरींकडून हरताय काय रे" असं ओरडून मुलग्यांना डिवचलं तर सरांनी मॅच थांबवून त्यांना गप्प बसवलं. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

फायदा काय झाला? माझी लेक आधी बॉल पायात आल्यावर मग मान वर करून कोणाला द्यायचा ते बघायची, तेवढ्यात मुलगा येऊन बॉल काढून न्यायचा. आता बॉल यायच्या आधीच दोन्ही खांद्यांवरून मागे बघते आणि पहिल्याच टचला बॉल मोकळ्या बाजूला नेते. ही सवय मुली मुलींशीच खेळून लागायला खूप वेळ लागला असता कारण तेवढा दबाव येतच नाही.

तोटा पण आहे आणि तो सरांनी स्वतःहून सांगितला. सतत मुलग्यांसमोरच खेळलं तर मुली बॉल पटकन टाकून मोकळ्या होतात, ड्रिबल करायचं, म्हणजे बॉल पायातच ठेवून पुढे न्यायचं सोडून देतात, पुढच्या मुलींना बॉल मिळतच नाही आणि सगळ्या मागे येऊन गोल वाचवत बसतात. म्हणून दिवस एकच, बाकीचे दिवस आपापसात, तिथे मुद्दाम एकास एक खेळायला लावतात. हे अगदी पटलं.

अमेरिकेची बायकांची टीम २०१७ मध्ये तिथल्याच एफसी डॅलस क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या मुलग्यांकडून प्रॅक्टिसमध्ये ५-२ हरली होती. लोक आजही ते सांगून मुलींना हसतात, पण त्याच टीमने २०१९ चा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा प्रॅक्टिस मॅच हरायला काय घाबरायचं. आपल्या भारतीय टीमच्या बाला देवी मणिपूरमध्ये मुलग्यांबरोबर खेळतच मोठ्या झाल्या आणि २०२० मध्ये स्कॉटलंडला रेंजर्स क्लबकडून खेळायला गेल्या. आणि २०२२ ला अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, काही मॅचेस तर इथे जवळ मडगावला फातोर्ड्यात होत्या, त्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरल्या. मला वाटतं लहानपणापासून असा वेगवान खेळ समोर मिळाला पाहिजे, तेव्हाच हे अंतर कमी होईल. जुलै २०२५ मध्ये आपल्या सीनियर टीमने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून एशियन कप गाठला, तेव्हा आमच्या पोरींनी मैदानात नुसता दंगा केला होता!

आता एक स्टार कापला त्याबद्दल. मुलग्यांची टीम उशिरा आली की वॉर्म-अप कापतात आणि हे मला अजिबात चालत नाही. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याचं लिगामेंट फाटायचा धोका मुलग्यांपेक्षा बराच जास्त असतो, त्याच्यासाठीच फिफाचा ११+ नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण वीस मिनिटांचा, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम वगैरे. इथे तो शिकवलाय, मुलींना पाठ आहे, मग ज्या दिवशी सगळ्यात जास्त धावायचंय त्याच दिवशी पाच मिनिटांत का उरकायचा? मॅच दहा मिनिटं कमी खेळवा. मी सरांशी बोलले आहे, सुधारणा आहे पण दर वेळी नाही. दुसरं म्हणजे बारा वर्षांखालचे मुलगे त्यांचा ४ नंबरचा बॉल आणतात आणि त्यानेच खेळ होतो, आमच्या मुलींना स्पर्धेत ५ नंबर लागतो, तो जड असतो. आणि कपडे बदलायला मुलींसाठी एक खोली तरी हवी, सध्या सगळ्या घरूनच किट घालून येतात.

पावसात मैदानात चिखल असतो तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये घेतात, तिथे फक्त पासिंग होतं, मुलग्यांबरोबरची मॅच बंद. जांभ्याच्या मातीत पडलं की गुडघे सोलवटतात, लांब मोजे घालाच. नडगीला लावायचे शिन गार्ड इथे देत नाहीत आणि आम्हाला लहान साईज वेंगुर्ल्यात मिळाली नाही, सावंतवाडीला बघा नाहीतर म्हापशाला जाणार असाल तेव्हा घेऊन या.