सुट्टीतले ऑनलाइन वर्ग: शाळेचं वर्ष सरत आल्यावर लिहिलेला अनुभव

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरात दोघांनी ऑनलाइन वर्ग केले. मुलगा अकरावीत जाणार होता, मुलगी नववीत. त्याने हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा मोफत अभ्यासक्रम घेतला. तिने खान अकॅडमी या शिकवणीच्या संकेतस्थळावर बीजगणित केलं आणि लेखनाचे दोन थेट वर्ग केले, तेही फी भरून. सुट्टी संपतानाच हा अनुभव लिहायचा होता, पण मुद्दाम थांबले. तेव्हा दोघांना सगळंच आवडलेलं होतं, आणि आवडणं व शिकणं यांत फरक असतो. आता शाळेचं वर्ष सरत आलंय, त्यामुळे काय टिकलं आणि काय वाहून गेलं ते दिसतंय.

माझं मत आधीच सांगते. मुलांनी केलेलं काम जिथे कुणीतरी, निदान एखाद्या यंत्रणेने, बारकाईने तपासलं आणि ते पुन्हा करायला लावलं, तिथलंच शिकणं टिकलं. जिथे फक्त ऐकायचं होतं, तिथलं जवळजवळ काहीच राहिलं नाही. शिकवणारा कितीही चांगला असला तरी.

सीएस५०बद्दल सविस्तर लिहिते, कारण दहावी-बारावीच्या वयाची पुष्कळ मुलं त्याकडे वळतात. तो शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड मलन यांची व्याख्यानं साधारण दोन-दोन तासांची आहेत आणि फार रंगतदार आहेत. मोजणी शून्य क्रमांकाच्या आठवड्यापासून सुरू होते. तिथे स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पडद्यावरचे ठोकळे जोडून छोटा खेळ करायचा असतो, म्हणून मुलांना वाटतं की सोपं आहे. पुढच्याच आठवड्यात सी ही ओळी टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा येते आणि खरा कस लागतो. पायथन ही आणखी एक भाषा, माहितीसाठ्यातून माहिती शोधायची एसक्यूएल, वेबपानं हे सगळं नंतर. पालकांनी हा चढ आधी पाहून ठेवावा. मुलाचा उत्साह पहिल्यांदा तिथेच ओसरला होता.

तो टिकला तो गृहपाठामुळे. एक उदाहरण देते. चौथ्या आठवड्यात ‘रिकव्हर’ नावाचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचे फोटो पुसले गेलेत, कार्डाची कच्ची प्रत तुम्हाला दिली आहे, त्यातून फोटो परत मिळवा. जेपीईजी फाइलची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते. कार्ड ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी वाचत जायचं, ती खूण दिसली की नवा फोटो सुरू झाला असं धरायचं आणि आधीचा बंद करायचा. ऐकायला सरळ आहे. मुलगा त्यावर किती तरी दिवस अडकला होता. एकदा सगळे फोटो अर्धवट निघाले, एकदा पहिलाच निघेना. प्रत्येक वेळी ‘चेक५०’ ही तपासणी चालवायची, कुठली चाचणी पास झाली आणि कुठली नाही ते बघायचं आणि पुन्हा प्रोग्रॅमकडे वळायचं. शेवटी एक फाइल उघडली आणि पडद्यावर खरोखरचा फोटो आला, तेव्हा तो खुर्चीतून उठून आम्हाला बोलवायला आला.

आज त्याला सी भाषेतली पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता दाखवणारी, चिन्हं नीट आठवत नाहीत. पण पुसलेली फाइल लगेच नाहीशी का होत नाही, हे तो कुणालाही समजावून सांगतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चूक आली की ती आधी शांतपणे वाचायची, प्रश्न लहान करून पाहायचा, ही त्याची सवय झाली. भौतिकशास्त्राची गणितं तो आता याच पद्धतीने सोडवताना दिसतो. अभ्यासक्रमाचा स्वतःचा एआय मदतनीस आहे. तो तयार उत्तर हातात देत नाही, उलट प्रश्न विचारतो. बाहेरच्या एआय साधनांकडून उत्तरं घ्यायला नियमाने मनाई आहे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, आणि तो पाळला जातोय का यावर घरच्यांचं लक्ष हवं.

एका सुट्टीत हा अभ्यासक्रम आरामात पूर्ण होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुलाचा अर्धा भाग सुट्टीत झाला, उरलेला त्याने शाळा सुरू झाल्यावर शनिवार-रविवारी केला. अपुरा राहिला असता तरी मला वाईट वाटलं नसतं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटपर्यंत पोहोचल्याचं दिसलं. त्यामुळे मध्येच थांबलेल्या मुलाला आळशी ठरवण्याआधी हा आकडा आठवावा.

खान अकॅडमीबद्दल थोडक्यात. मोफत आहे, व्हिडिओ छोटे आहेत, सराव भरपूर आहे. घटक-चाचणीत चूक झाली तर आधी मिळवलेली पातळी खाली येते. मुलीला याचा राग यायचा, पण त्यामुळेच ती जुन्या घटकांकडे परत गेली. उणीव एकच आणि ती मोठी आहे: तिथे तपासलं जातं ते शेवटचं उत्तर. अवयव पाडताना मधली पायरी चुकीची असूनही उत्तर जुळलं, तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून आम्ही वही ठेवली आणि आठवड्यातून एकदा तिच्या बाबांनी ती पाहिली. वही नसती तर या सरावाचा निम्माही उपयोग झाला नसता, असं मला खात्रीने वाटतं.

आता लेखनाचे वर्ग. पहिल्याची जाहिरात भारी होती: सर्जनशील लेखन, नेतृत्वगुण, आत्मविश्वास, सगळं एकत्र. वर्गात एवढी मुलं की नावांची यादी पडद्यावर मावत नसे. दीड तास सर बोलायचे, मुलं चॅटमध्ये एकेक शब्द टाकायची, बहुतेकांचे कॅमेरे बंद. निबंध अपलोड करायचे, त्यावर ‘छान प्रयत्न’ एवढंच परत यायचं. माझ्या मुलीच्या दोन अगदी वेगळ्या निबंधांवर तोच शेरा होता. विचारणा केली तर मदतकक्षाकडून ठरावीक मजकुराचा ईमेल आला. त्या वर्गात काय शिकलीस असं परवा तिला विचारलं, तर बराच विचार करून ती म्हणाली, “ते सर खूप छान बोलायचे.”

दुसरा वर्ग एका भाषाशिक्षिकेने स्वतःच चालवलेला होता. मोजकीच मुलं. दर आठवड्याला एक पान लिहायचं, बाई त्यावर समासात लिहून पाठवायच्या आणि पुढच्या आठवड्यात तेच पान पुन्हा लिहायचं. ‘इथे तू कारण दिलंस, पुरावा कुठे आहे?’ ‘हा परिच्छेद काढून वाच, काही बिघडतं का?’ अशा त्यांच्या सूचना असत. सुरुवातीला मुलगी वैतागली, कारण तेच ते लिहायचा तिला कंटाळा येई. आता शाळेचा निबंध लिहिताना ती स्वतःच पहिला खर्डा बाजूला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी वाक्यं खोडते. तिला असं कर म्हणून आम्ही कुणी सांगत नाही. बाईंचे मी मनापासून आभार मानते.

हा फरक समजून घ्यायला मला एका प्रयोगाची मदत झाली. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दिलेले तारे आणि अभिप्राय मला म्हणूनच फारसे विश्वासाचे वाटत नाहीत. ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीसारखे असतात.

वेळेचाही प्रश्न आहे. काही थेट वर्ग दुसऱ्या देशातल्या वेळेनुसार चालतात आणि मुलं रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. वर्ग कितीही चांगला असो, झोपेतून वेळ काढायचा असेल तर तो घेऊ नये. आणि मैदान, मित्र, नुसतं लोळत पडणं यांनाही सुट्टीत जागा हवी. आमच्या मुलाने दुपारभर काही न करता काढलेल्या दिवसांचं मला आजही वाईट वाटत नाही.

प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये आहेत. गेल्या काही महिन्यांत ती कुणी मागितली नाहीत. शाळेच्या प्रदर्शनात मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मात्र शिक्षकांनी बसून चालवून पाहिला आणि त्यावर प्रश्न विचारले.

फी भरण्याआधी मी आता तीन गोष्टी विचारते. एका तुकडीत किती मुलं असतील? मुलांचं लिखाण किंवा गणित कोण वाचणार, आणि किती दिवसांत परत देणार? मागच्या तुकडीतल्या एखाद्या तपासलेल्या कामाचा नमुना, नाव झाकून, बघायला मिळेल का? तिसरा प्रश्न विचारला की उत्तरं लांबायला लागतात. ज्या बाईंचा वर्ग आम्हाला उपयोगी पडला, त्यांनी नमुना त्याच संध्याकाळी पाठवला होता.

येत्या सुट्टीत मुलगी पुन्हा त्यांच्याकडेच जाणार आहे, आणि या वेळी फक्त तोच एक वर्ग. मुलगा सीएस५०चा अंतिम प्रकल्प वाढवणार आहे. त्यासाठी नवा कुठलाच अभ्यासक्रम घ्यायचा नाही, असं त्यानेच ठरवलंय.