टक्के की प्रमाण: मॉडेलवरून खरं माप काढताना

मॉडेलच्या खोक्यावर १:७२ छापलेलं आहे, म्हणजे मॉडेल मूळ वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढं, आणि हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी आहे. मूळ वस्तूचं माप काढायचं तर थेट ७२ ने गुणायचं, की आधी प्रमाणाचे टक्के करून घ्यायचे? गणित एकच आहे. मी दोन्ही वापरून पाहिलंय. फरक जाणवतो तो हाताखाली काम असताना.

१:५०, १:२५, १:२० अशी स्केल असेल तर २, ४, ५ टक्के असे सुटसुटीत आकडे मिळतात. आराखडा एका स्केलवरून दुसरीवर न्यायचा असेल तर टक्क्यांना तोड नाही. १:७२ चा आराखडा १:४८ ला हवा? प्रिंटरला १५० टक्के सांगा, झालं. उलट जाताना मात्र ५० नव्हे, ६६.६७.

माझं बिनसलं ते दशांशांवरून. १:७२ म्हणजे १.३८८८… टक्के. हा आकडा तोडायचा कुठे? स्पिटफायरच्या मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत १५६ मिमी भरतात. ७२ ने गुणलं की ११,२३२ मिमी. मूळ विमानाचे ३६ फूट १० इंच म्हणजे ११.२३ मीटर, अगदी जुळतं. तेच १.४ टक्के धरलं की ११,१४३. जवळजवळ ९ सेंटिमीटर गायब, आणि मोजणीत काहीच चुकलेलं नाही! १.३९ धरलं तर फरक सेंटिमीटरच्या आत येतो, हे मान्य. पण दर मापाला किती दशांश घ्यायचे हे ठरवत बसणं मला जाचतं. शिवाय टक्क्यांवरून खऱ्या मापाकडे जायला भागाकार लागतो, आणि घाईत हात गुणाकाराकडेच वळतो. कुणाला याचा त्रास होतही नसेल. मी मात्र मापं काढताना आता ७२ च धरतो. व्हर्नियर अर्धा मिलिमीटर चुकला तर खऱ्यात ३६ मिमी चुकले, हेही त्यात लगेच कळतं.

स्केलच ठाऊक नसेल तर त्रैराशिक मांडा. एक खरं माप माहीत असलं की पुरे. समजा रेल्वेचं मॉडेल आहे: रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, खरं १,४३५, म्हणजे १:८७. मग डब्याची लांबी, खिडकीची उंची, सगळं त्याच ८७ ने. ओओ (OO) या ब्रिटिश मापाच्या रेल्वे मॉडेलना मात्र हे लावू नका. तिथे रूळ १६.५ मिमीचेच, पण गाड्या साधारण १:७६ च्या, त्यामुळे डबा खऱ्यापेक्षा सुमारे १४ टक्के लांब निघेल. अशा वेळी रूळ सोडून डब्याच्या दारासारखं गाडीवरचंच एखादं माप धरा.