एका बटणाचा लूपर: आठ महिन्यांनंतर

माझा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवत राहणारं गिटारचं पेडल, परवा दुरुस्त होऊन घरी आला म्हणून शेवटी लिहायला बसलो. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, एकावर एक हवे तितके थर, नऊ व्होल्ट हे सगळीकडे छापलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी तो फक्त ब्लूजच्या रियाजासाठी घेतला, साडेतीन हजारांना. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो हे खोका उघडल्यावर कळलं, आणि ते मला आजही पटलेलं नाही. घरातला राउटरचा अडॅप्टर मात्र लावू नका. या पेडलला मधली पिन ऋण लागते, घरगुती अडॅप्टरांची बहुतेक वेळा धन असते.

आता बटण. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की रेकॉर्डिंग संपून तोच तुकडा गोल गोल वाजायला लागतो (यालाच मी लूप बंद होणं म्हणतो), लागोपाठ दोनदा दाबलं की थांबतो. बारा बारचा ब्लूज घ्या (एक बार म्हणजे चार ठोके, ए७, डी७, ई७ ही कॉर्डची नावं), ए मध्ये: चार बार ए७, दोन डी७, दोन ए७, मग ई७, डी७, ए७, ई७ एकेक. हे वाजवून तेराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पाय पडला पाहिजे. नेमका त्याच ठोक्यावर. किंचित उशीर झाला तर दर फेरीच्या शेवटी लय अडखळते, आणि ती अडखळ तुम्ही अर्धा तास ऐकत बसता. काही महागड्या लूपरमध्ये ही चूक यंत्र सावरून घेतं. यात ती सोय नाही. पहिले दोन महिने हाच या पेडलचा सगळ्यात मोठा दोष असं मी ज्याला त्याला सांगत होतो.

मग एका रविवारी पेडल बाजूला ठेवून फोनवर नुसतं स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड केलं. पेडलचा काही दोष नव्हता. मी शेवटच्या दोन बारांत पळत होतो. बटणाची काळजी अकराव्या बारपासूनच मनात यायची आणि हात पुढे धावायचा. लहानपणी चार वर्षं तबला शिकलोय. सम चुकली की क्लासमधली हलणारी प्रत्येक मान थांबायची. हे बटण तेच करतं. ताल चुकला तर चुकला, ते लपवत नाही.

त्यानंतर एक आठवडा गिटारला हात लावला नाही. पायाने ठेका आणि तोंडाने शफल, एवढंच. शफल म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग, पहिला आणि तिसरा बोलायचा, मधला गिळायचा. मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ३० वर लावला आणि प्रत्येक टिक हा दुसरा किंवा चौथा ठोका धरला, म्हणजे गाण्याची लय ६०. पहिला आणि तिसरा ठोका आपला आपणच सांभाळायचा. पहिले चार दिवस जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहातले सात लूप बिनअडखळ बंद व्हायला लागले. ज्यांना ब्लूज शिकायचाय त्यांनी दुसरं काही केलं नाही तरी हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

लूपवर सोलो वाजवताना मी स्वतःला चार स्वर दिले होते, त्याबाहेर जायचं नाही. ते ए मायनर पेंटॅटॉनिकमधले. ही पाच स्वरांची मालिका म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर, त्यात गंधार कोमल. पण खाली ए७ वाजत असतो आणि त्यात शुद्ध गंधार आहे. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधे कुठेतरी लागतो, तो कानानेच सापडतो. बेंडचंही, म्हणजे तार खेचून स्वर चढवण्याचंही, तसंच. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा ई आधी साधा वाजवायचा, मग सातव्या फ्रेटवरचा डी खेचून तिथवर न्यायचा, अनामिकेला मागून दोन बोटांचा आधार देऊन. माझा बेंड कायम थोडा खाली राहायचा. ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाता गाता वाजवत नसे. एक ओळ गायची, मग गिटारने उत्तर द्यायचं. मीही दोन बार गुणगुणतो आणि दोन बार वाजवतो. तेव्हापासून वाजवण्यात श्वास घ्यायला जागा आली.

सहाव्या महिन्यात बटण बिघडलं. एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं व्हायचं, म्हणजे लूप बंद करायला जावं तर सगळं थांबायचं. वॉरंटी एका वर्षाची, बिल माझ्याकडे. दुकानाने वितरकाकडे पाठवलं, वितरकाने मूळ खोका मागितला. दोन खोल्यांच्या घरात कोण खोके जपून ठेवतं? वर कुरियरचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्या माथी. सहा आठवडे फोन करत राहिलो. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. हा संताप अजून गेलेला नाही.

पण त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली आणि पेडलबद्दलचं मत पुन्हा बदललं. वीज बंद केली तरी शेवटचा लूप यात राहतो. मी ती सोय मानत होतो, आणि बिघडण्याआधीचा जवळजवळ महिनाभर एकाच लूपवर सोलो वाजवत होतो. ऱ्हिदम, म्हणजे सोलोखालची साथ, एकदाच, दीड मिनिट. सोलो रोज अर्धा तास. लूपर नसताना ऱ्हिदम स्वतःच धरावा लागला तेव्हा हात किती कच्चा राहिलाय ते कळलं. जुन्या काळातला ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसला २९ गाणी रेकॉर्ड केली, एकट्याने, एका गिटारवर. ती पुन्हा ऐकली, या वेळी फक्त अंगठ्याने वाजवलेला बेस ऐकला. मग ई मध्ये सहावी तार मोकळी ठेवून अंगठ्याने दर ठोक्याला तीच वाजवत राहायची, वर दोन बोटांनी स्वर काढायचे, असं रोज वीस मिनिटं केलं. बेसची तार थांबली की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी वितरकाचा नाद सोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. तिथल्या एका कारागिराने बटण उघडलं, आतला छोटा स्विच काढून नवा बसवला. स्विच आणि मजुरी मिळून दोनशे रुपये, अर्धा तास. यासाठी माझे सहा आठवडे गेले.

घ्यायचा का? लय सुधारायची असेल तर घ्या, पण अडॅप्टरचे पैसे धरून हिशोब करा आणि खोका पलंगाखाली ठेवा. मी आता रोज झोपण्याआधी लूप पुसून टाकतो. सकाळी नवीन बारा बार, आधी पाच वेळा नुसते, मग बटण. सध्या लय ५२ वर आणली आहे. इतक्या संथ चालीत तेराव्या बारची वाट पाहणं फार अवघड जातं, काल आठपैकी तीनच लूप नीट बंद झाले.