पॅरासिटामॉल की ब्रुफेन?
सोलापुरात मेडिकलवर "अंग दुखतंय, काहीतरी द्या" म्हटलं की यातलंच एक हातात पडतं. नुसता ताप असेल तर माझं मत पॅरासिटामॉलला, पोटाला सौम्य, दोन डोसमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर, मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर अजिबात नाही, आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच असतं म्हणून स्ट्रिप उलटी करून वाचा, नाहीतर डबल डोस जातो नि लिव्हरची वाट लागते. ब्रुफेन सुजेवर भारी, दाढ सुजली, पाय मुरगळला वगैरे. पण भाकरी-शेंगाचटणी पोटात गेल्यावरच. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मे महिन्यात उन्हातून पाणी न पिता आलेल्यांनी तर किडनीसाठी लांबच राहावं. डेंग्यूचा संशय असला तर ब्रुफेन नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो.