स्कॉटलंडची एक दिवसाची सहल आणि आमचे ६०० पौंड

मुलाकडे इंग्लंडला गेलो असताना, स्कॉटलंडची सरोवरे आणि किल्ले दाखवतो म्हणणाऱ्या एका गाडीवाल्याने आमचे ६०० पौंड, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या घरातली रक्कम, लाटली. हे लिहिताना संताप येतो आणि त्याहून अधिक लाज वाटते, कारण माझा सारा जन्म लेखापरीक्षणात गेला आहे.

जाहिरात तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. स्टर्लिंग आणि डूनचे किल्ले, ग्लेनकोची दरी, लॉख नेस हे सरोवर, त्याच्या काठच्या अर्कर्ट किल्ल्याची तिकिटे व बोटीची फेरी, सर्व मिळून ४८० पौंड. सोबतच्या छायाचित्रात पूल असलेला देखणा, धडधाकट किल्ला होता. तो आयलीन डोनन, आमच्या मार्गावर नसलेलाच. अर्कर्ट १६९२ मध्ये सैन्याने सोडून जाताना उडवला आणि आज तिथे अवशेष आहेत, हे मला परतल्यावर समजले. स्कॉटलंडमध्ये आम्ही जिथून निघालो तिथून लॉख नेसला नुसते जाऊन यायलाच सात तास लागतात. पुण्याहून एका दिवसात रायगड, प्रतापगड आणि शिवाय जंजिरा दाखवतो असे कोणी म्हणाले असते, तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

पण खरी चूक त्याआधीची आहे. आगाऊ २०० पौंड पाठवताना मुलाच्या मोबाइलवर बँकेची सूचना आली, की लिहिलेले नाव खातेदाराच्या नावाशी जुळत नाही. मुलाने फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ नीट वाचली आणि म्हणालो, "भावाचं खातं असेल, पाठव तू." का म्हणालो? कारण तो माणूस मला काका म्हणत होता आणि हिच्या गुडघ्यांची चौकशी करून "काकूंना पुढची सीट देऊ" असे सांगत होता. परदेशात मराठी ऐकले की माणूस विरघळतो. माझ्या जागी तुम्हीही विरघळला असता.

उरलेले २८० पौंड त्याने सकाळीच रोख घेतले. गाडीवर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, भाड्याच्या गाड्यांना मिळणारी परवाना-पट्टी नव्हती. ती पाहिल्याशिवाय कोणाच्याही गाडीत पाय ठेवू नका. स्टर्लिंगचा किल्ला काचेतून दिसला, डून वगळले, ग्लेनकोला दहा मिनिटे मिळाली. लॉख नेसच्या धक्क्यावर खिडकीतल्या मुलीने आमचा आरक्षण क्रमांक दोनदा टाकून पाहिला आणि कागद हळूच परत सरकवला. आरक्षण नव्हतेच. अर्कर्टही रस्त्यावरूनच पाहिले. परतताना फोर्ट ऑगस्टसला, बोटींना पायरी-पायरीने वर-खाली नेणाऱ्या कालव्याच्या पाच लॉकपाशी, त्याने गाडी थांबवून "वेळ वाढला" म्हणून आणखी १२० पौंड मागितले. अंधार पडत होता, नातू झोपला होता. दिले.

पोलिसांनी फोनवर सांगितले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा दिवाणी वाद आहे. कौन्सिलच्या परवाना खात्याने अकरा दिवसांनी कळवले की ही गाडी आमच्या नोंदीत नाही, त्यामुळे आम्ही कारवाई करू शकत नाही. अहो, नोंदीत नाही हीच तर आमची तक्रार होती! ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँक हस्तांतरातून झालेल्या फसवणुकीचे पैसे परत देण्याचा नियम आहे, म्हणून आशेने बँकेकडे गेलो, तर तुम्ही गाडीत बसलात, म्हणजे सेवा मिळाली, हा विक्रेत्याशी झालेला वाद ठरतो आणि शिवाय आम्ही सूचनाही दिली होती, असे साडेतीन ओळींचे उत्तर आले. २०० पौंडांवर पाणी. रोखीच्या ४०० पौंडांचा तर पुरावाच नाही. तिथल्या क्रेडिट कार्डाने भरले असते तर १०० पौंडांवरच्या व्यवहाराला १९७४ च्या ग्राहक-पत कायद्याचे (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) संरक्षण होते. कार्ड न घेणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

तिकिटे किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढा.

मी त्याच ग्रुपवर सविस्तर इशारा टाकला. ॲडमिनने वैयक्तिक वाद नकोत म्हणून तो तासाभरात काढला. जाहिरात मात्र अजून आहे, त्याच पुलाच्या छायाचित्रासह, आणि आता दर ५२० पौंड आहे.