“दारासमोरच हिरवा उतार”: ऑस्ट्रियातल्या शॅलेच्या नावाखाली आमचे 5,597 युरो गेले

हे लिहायचं की नाही यावरून घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, झालं ते झालं, कशाला जगजाहीर करायचं? पण तेच फोटो, तीच खोली, खिडकीतला तोच लाल जिरेनियम परवा दुसऱ्याच नावाच्या साइटवर दिसला आणि माझं डोकं फिरलं. तेव्हा आकड्यांसकट लिहितेय. स्कीच्या सुट्टीसाठी भाड्याने घ्यायच्या शॅलेचे, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घराचे, आधी दिले 1,314 युरो, मग 2,847, मग अनामत म्हणून 500, आणि मुलांची स्की शाळा व डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे पास यांचे 936. एकूण 5,597 युरो. त्यातला एक सेंटही परत आलेला नाही.

खोटी साइट, घाई करणारे मेसेज, बँक ट्रान्सफरवर सवलत, हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. म्हणून “इतकं कसं कळलं नाही?” असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते, मी काही डोळे मिटून पैसे भरले नव्हते. आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन्ही घरची मिळून चार मुलं. सगळ्यात धाकटा चार वर्षांचा. आठांपैकी एकानेही कधी पायाला स्की बांधलेली नाही. अशा लोकांसाठी जागा निवडणं सोपं नसतं. मी रात्र रात्र नकाशे आणि उंच्या बघत होते. फ्रान्समधलं आव्होरियाझ आवडलं होतं, गावात गाड्या नाहीत, लहान मुलांसाठी वेगळं आवार आहे. पण आमच्या तारखा फ्रेंच शाळांच्या फेब्रुवारीच्या सुट्टीत येत होत्या आणि त्या आठवड्यांत तिथले दर डोळे पांढरे करतात. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनचं नाव मोठं, पण तिथले सोपे म्हणवले जाणारे उतारही नवशिक्याला घाम फोडतात असंच जो तो सांगत होता.

शेवटी ऑस्ट्रियाच्याच टिरोल प्रांतातलं सेरफाउस पक्कं केलं. गाव साधारण 1,400 मीटरवर. गाडी गावाच्या तोंडाशी ठेवायची आणि जमिनीखालून धावणाऱ्या छोट्या गाडीने फुकटात केबल कारपर्यंत जायचं. ही गाडी 1985 पासून चालू आहे. वर मुलांसाठी मोठं आवार, चढायला सरकते पट्टे, म्हणजे पोरांना स्की खांद्यावर घेऊन बर्फातून फरफटत न्यायला नको. निवड चुकली नव्हती, हे मी आजही म्हणेन. चुकीचं होतं ते घर. खरं तर ते घर नव्हतंच.

साइट झकास होती. तीन भाषांत मजकूर, पाहुण्यांचे अभिप्राय, शनिवार ते शनिवारचं कॅलेंडर, त्यात काही आठवडे मुद्दाम “भरलेले”. आठ जणांना 4,380 युरो. फार स्वस्तही नाही, की संशय यावा. हे लोक हल्ली अर्ध्या किमतीला देतो असं म्हणत नाहीत. बाजारभावाच्या जरासं खाली ठेवतात, एवढंच.

आता तो क्षण, ज्याच्यावर मी रोज दात खाते.

शॅलेची व्यवस्थापक म्हणवणारी बाई व्हॉट्सअॅपवर फार गोड बोलायची. तिने लिहिलं, “मुलांची काळजी नको, दारासमोरच हिरवा उतार आहे, नवशिक्यांसाठी अगदी सौम्य.” आणि माझ्या समोर, दुसऱ्या खिडकीत, त्याच भागाचा उतारांचा नकाशा उघडा होता. निळ्या रेषा, लाल रेषा, काळ्या रेषा. हिरवी एकही नाही. कशी असेल? ऑस्ट्रियात उतारांचे रंगच तीन आहेत. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. निळ्याचा चढ साधारण 25 टक्क्यांपर्यंत, लालचा 40 पर्यंत. हिरवा असतो फ्रान्समध्ये. हे मी वाचलेलं होतं, नवऱ्याला जेवताना समजावूनही सांगितलं होतं! त्याच गावात घर भाड्याने देणारी बाई दारासमोर हिरवा उतार आहे म्हणते, याचा अर्थ तिने ते गाव आयुष्यात पाहिलेलं नाही.

आणि मला ते खटकलं. खटकलं म्हणूनच विचारलं, नकाशात हिरवा कुठे दिसत नाही? मिनिटाभरात उत्तर: “सरावाचे छोटे उतार नकाशात दाखवत नाहीत.” झालं माझं समाधान. नवशिक्या माणसाला तिथला जाणकार वाटणारा कुणी ठामपणे काही सांगतो तेव्हा आपलाच वाचलेला धडा खोटा वाटतो. तुम्ही असता तरी हेच केलं असतं. नसतं केलं, तर अभिनंदन.

“रेल्वे स्टेशनपासून 400 मीटर” असंही साइटवर होतं. सेरफाउसला रेल्वे जात नाही. जवळचं स्टेशन लांडेक-झाम्स, तिथून पुढे बस. मी समजले, त्या भूमिगत गाडीचं स्टेशन म्हणत असतील. बघा, ठगांच्या चुकांना अर्थ लावून द्यायचं कामही मीच केलं.

खाते क्रमांकाचंही तसंच. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं बँक कुठल्या देशातली ते सांगतात, ऑस्ट्रियाची एटी. आम्हाला आलेला क्रमांक ईएसने सुरू होत होता, म्हणजे स्पेन. कारण काय, तर “मालक हिवाळ्यानंतर तिकडे राहतात, करासाठी सोयीचं पडतं.” ऑस्ट्रियन कंपनी, घर टिरोलमध्ये, पैसे स्पेनमध्ये. असं कुणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना 9 ऑक्टोबर 2025 पासून पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि आयबॅन जुळतात का ते दाखवावं लागतं. आम्ही त्या देशांबाहेरून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने पाठवले, तिथे ही सोय नाही. नावाच्या रकान्यात काहीही लिहा, पैसे क्रमांकावर जातात.

दुसरा हप्ता लवकर भरला तर एकूण रकमेवर पाच टक्के सूट, म्हणजे 219 युरो वाचणार होते. वाचवले! मग 500 ची अनामत. मग शाळा आणि पास. चार वर्षांच्या पोराच्या पासाचे 117 युरो लावले होते, आणि ऑस्ट्रियात इतक्या लहान मुलांना पास बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र दरात मिळतो. शिवाय पहिले दोन-तीन दिवस नवशिक्याला सगळ्या डोंगराचा पास लागतच नाही, सरावाच्या पट्ट्यापुरतं तिकीट पुरतं. घरवाल्याकडून पास घेऊच नका. शाळेचं आरक्षण शाळेशी थेट करा.

फुटलं तेही शाळेमुळेच. मुलांच्या हेल्मेटची मापं कळवायला मी थेट स्की शाळेला मेल केला. टिरोलमध्ये मुलांना हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण शहाण्याने घालावंच. उत्तर आलं, या नावाने आमच्याकडे एकही नोंदणी नाही. मग पर्यटन कार्यालयाला लिहिलं. त्यांनी त्याच दिवशी कळवलं, या नावाचं घर आमच्या यादीत नाही. एका मेलचं काम होतं. तेच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत ते शोधलं तर घर निघालं दुसऱ्याच खोऱ्यातलं, खऱ्या मालकाचं, आणि त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नाही. व्हॉट्सअॅपवरची बाई त्या संध्याकाळपर्यंत टाइप करत होती, मग तिचा फोटो गेला.

दिराने फक्त एवढंच विचारलं, “वहिनी, तुम्ही तपासलं होतं ना?” यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरी करमणूक ऐका. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, ओटीपी तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवायचे 40 युरो आधी कापून घेतले. समोरच्या बँकेने उत्तर दिलं, खातेदाराची संमती नाही. खातेदाराची संमती! चोराला विचारून आले, बाबा परत देतोस का? त्याच बँकेला मी लिहिलं तर ग्राहकाची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेले तर गुन्हा परदेशात घडला, तिकडे तक्रार करा. तिकडे मेल केला तर राहत्या ठिकाणच्या पोलिसांत नोंदवा. पुन्हा इथे आले तर बँकेचं पत्र आणा. बँकेत गेले तर पोलिसांचा नोंदणी क्रमांक आणा. मधल्या काळात पोलिसांतला साहेब मला शिकवतो, “मॅडम, ऑनलाइन व्यवहारात सावध राहावं.” टेबलावरची काच उचलून डोक्यात घालावीशी वाटली. शेवटी अर्ज घेतला, पण त्यात “स्की” हा शब्द त्याने “स्कीम” असा लिहिला आणि दुरुस्त करायला नवा अर्ज मागितला.

आणि व्हिसा! राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून शेंगेन अर्जाला तेच बनावट पत्र जोडलेलं. मोठ्यांचे प्रत्येकी 90, सहा ते बाराच्या आतल्या मुलांचे प्रत्येकी 45, धाकट्याला माफ. म्हणजे 495 युरो शुल्क भरलेलं. खोटा कागद दिल्याचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून मी स्वतःहून कळवलं, तर उत्तरात अर्ज कसा भरावा याचा छापील मजकूर आला. विम्याचं म्हणाल तर व्हिसाला लागणारं 30,000 युरोचं संरक्षण दवाखान्याच्या खर्चाचं असतं, फसवणुकीचं नव्हे. त्यात स्कीइंग तरी धरलंय का तेही वाचा. कितीतरी पॉलिसींत ते जादा पैसे भरून घ्यावं लागतं.

जे अजून शोधतायत त्यांच्यासाठी. साइटवर इम्प्रेसुम असतं, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता देणारं पान. ऑस्ट्रियात ते कायद्याने द्यावंच लागतं. त्यातला व्हॅट क्रमांक एटीयू आणि पुढे आठ आकडे असा हवा, आणि युरोपियन युनियनच्या व्हीआयईएस (VIES) या साइटवर तो फुकट तपासता येतो. आमच्या ठगांनी दुसऱ्याच कंपनीचा खरा क्रमांक चिकटवला होता, म्हणून नुसता क्रमांक चालू आहे का एवढ्यावर थांबू नका, नाव जुळतं का बघा. वॉचलिस्ट इंटरनेट ही ऑस्ट्रियन साइट बनावट दुकानं आणि बनावट सुट्टीतली घरं यांच्या याद्या छापते. जर्मनमध्ये आहे, पण भाषांतर करून वाचता येतं. मला ती नंतर सापडली. स्थानिक कर तिथे राहताना माणशी, रात्रीमागे घेतात. कुणी आधीच एकरकमी मागत असेल तर कान टवकारा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हणा. आमची बाई दर वेळी म्हणायची, आत पाहुणे आहेत. ऑक्टोबरमध्ये कसले पाहुणे आणि कसला बर्फ!

कार्डाने पैसे भरले असतील तर हे वाचून झाल्याबरोबर बँकेला फोन करा आणि चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे उलट फिरवून, मागा. बहुतेक प्रकारांत मुदत 120 दिवसांची असते, आणि सेवा मिळायची तारीख पुढची असेल तर ती सहसा त्या तारखेपासून मोजतात. “तुम्हीच मंजूर केलंय” हे उत्तर तिथे ऐकून घेऊ नका, सेवा मिळाली नाही या कारणाखाली अर्ज द्या, तोही लेखी. ट्रान्सफर केली असेल तर पहिले काही तासच हातात असतात. शाखा उघडायची वाट न बघता रात्रीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. व्हॉट्सअॅपवरचं सगळं संभाषण आधी उतरवून घ्या. आमचं अर्धं तिने पुसून टाकलं.