म्यूझस्कोरमध्ये स्वर भरताना: कळफलक की मिडी?

म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकाच्या कळफलकावरून स्वरलेखन करायचे तर 'एन' दाबून नोंद सुरू करावी लागते आणि आधी कालमूल्य (स्वर किती वेळ टिकतो ते), मग स्वर असा क्रम पाळावा लागतो: 5 म्हणजे क्वार्टर नोट (एक ठोका), 4 म्हणजे एट्थ (अर्धा ठोका), पूर्णविरामाने स्वर दीडपट लांबवणारे टिंब लागते, 0 ने विराम येतो. '5, सी, 4, डी, ई' एवढ्या पाच कळांत दोन ठोके पूर्ण होतात. अक्षर दाबल्यावर आधीच्या स्वराला सर्वांत जवळचा स्वर निवडला जात असल्याने मोठ्या उडीसाठी कंट्रोल आणि बाण वापरून सप्तक बदलावे लागते. हात बसेपर्यंत याची चिडचिड होतेच.

मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला स्वर पाठवणारा पियानोसारखा कीबोर्ड, जोडून मेट्रोनोमच्या ठोक्यावर थेट वाजवण्याचा मार्ग त्या मानाने मोहक वाटतो, परंतु निवडलेल्या कालमूल्यापेक्षा लहान स्वर त्यात नोंदवता येत नाहीत आणि ट्रिपलेटही (दोन स्वरांच्या वेळात तीन समान स्वर) घेता येत नाही, म्हणून लयीपुरता माझा कल कळफलकाकडेच आहे. चार स्वरांचे कॉर्ड असतील, तर मात्र ते मिडीवर एकदम दाबावेत आणि कालमूल्य डाव्या हाताने आकड्यांवरून द्यावे.